मनुबाईच्या तोंडातले फोड

मालूने दोन्ही हात डोक्यामागे नेले, मोकळे केस तीन पेडांत धरले आणि तीनशे माणसांसमोर स्वतःची वेणी घातली.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पण कोपर गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आधी कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं, आणि वेणीला शेवटची गाठ बसली तशी बायका रडायला लागल्या. मालूची बोटं तीन वर्षं आखडलेली होती. सांधे सुजलेले, मूठ मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. मासे कापायची कोयती तिने सोडून दिली होती आणि बत्तीस वर्षांच्या बाईची वेणी तिची सासू घालत होती. आता ती बोटं सगळ्यांपुढे नाचवत उभी होती आणि तिच्या मागे, पाटावर, गुणाजीबुवा डोळे मिटून हसत होते.

"बोला, सत्यदेव महाराज की!"

"जय!"

मी जय म्हटलं नाही. मी शीला. डोंबिवली पश्चिमेला डॉ. गुप्तेबाईंच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मालूचं रक्त मी दोनदा काढलं होतं, तिच्याकडून कापसाचा बोळासुद्धा धरवत नव्हता. म्हणजे हे नाटक नव्हतं, बोटं खरंच उघडली होती. आणि त्यानेच माझं डोकं उठलं. खोटा चमत्कार असता तर मी हसून घरी गेले असते. हा खरा होता, आणि का खरा होता ते मला कळत नव्हतं.

ही गोष्ट एक्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. खाडीलगतच्या रेतीवाल्यांनी सोडलेल्या शेडमध्ये बुवांनी चार महिन्यांपूर्वी गादी मांडली होती. दर गुरुवारी दरबार, सांधेदुखीवर प्रसाद. प्रसाद म्हणजे सुंठ, गूळ, हळद आणि भस्म यांची बोराएवढी गोळी. बुवांचं प्रवचन मला अजून पाठ आहे.

"सांधा म्हणजे काय? सांधा म्हणजे गाठ. गाठ म्हणजे गुंता. गुंता म्हणजे पाप! डॉक्टर काय करतो? गाठीला तेल लावतो. मी काय करतो? पापाला हात घालतो! सात दिवसांत एक गोळी. दुसरी मागायची नाही. देव काय रेशनच्या दुकानावर बसलाय?"

लोक हसायचे. मग बुवा आवाज खाली आणायचे.

"पण सांभाळा हं. ही गोळी सत्याची आहे. खोटं बोललेल्या तोंडाला ती सोसत नाही. ज्याने भरल्या पंचांत खोटं सांगितलं असेल, त्याच्या तोंडात फोड येतील. आले तर लपवायचं नाही. इथे यायचं, कबूल व्हायचं, आणि प्रायश्चित्ताच्या नऊ गोळ्या नऊ दिवस घ्यायच्या."

शेजारी बसलेली मनुबाई माझ्या कानात म्हणाली, "मना काय भ्याव नाय गो. मी जलमात खोटा नाय बोललू."

मनुबाई कोळीण. साठीची, आडव्या बांध्याची, तोंडाने फटकळ. माझ्या दाराशी बारा वर्षं मासळी आणत होती आणि शिळा मासा ताजा म्हणून तिने एकदाही विकला नाही. "आज बोय घेऊ नको, कालची हाय," असं सांगणारी मासेवाली मी दुसरी पाहिली नाही. गुडघ्यांसाठी तिने वर्षानुवर्षं वाटेल त्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या, वर रक्तदाब होता, आणि दोन्हींनी मिळून तिची मूत्रपिंडं पार खराब केली होती. गुप्तेबाईंनी तिला बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय एक गोळी तोंडात टाकायची नाही. पण प्रसादाला कोण गोळी म्हणतं? ती सहा गुरुवार गेली.

सातव्या गुरुवारी तिच्या तोंडात फोड आले.

ती लपवू शकली असती. पण मनुबाईच ती. भर दरबारात उभी राहून फोड कशाचे म्हणून विचारलं, "बुवा, माझ्या तोंडान फोड आयलंत. कनाचं ते सांगा."

बुवांनी काही सांगायच्या आधीच तिचा दीर दामाजी उठला. "मी सांगतंय कनाचं! खुंटांचं!"

खुंटांचं भांडण गावात सगळ्यांना माहीत होतं. खाडीत जाळं बांधायला खुंट ठोकलेले असतात, आणि कुणाचे खुंट कुठे ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. नऊ वर्षांपूर्वी दामाजीने एका विधवेच्या खुंटांवर हक्क सांगितला होता. पंच बसले. आणि मनुबाईने, सख्ख्या दिराविरुद्ध, साक्ष दिली की ते खुंट त्या विधवेच्या नवऱ्याने ठोकलेले आपण डोळ्यांनी पाहिले. खुंट विधवेला मिळाले. दामाजी त्या दिवसापासून भावजयीशी बोलला नव्हता. आज बोलला.

"देवानं तोंड फोरलान हिचा! आता सांग खरा काय ता!"

बुवांनी मान हलवली, अगदी दुःखाने. "माय, कबूल हो."

"काय कबूल होऊ? मी पायलंय ता बोललू."

"मग नऊ गोळ्या. सत्य असेल तर फोड जातील. नसेल तर वाढतील."

मला हे सगळं संध्याकाळी कळलं. मी धावत तिच्या घरी गेले तर ती पहिली गोळी घेऊन बसली होती. मी चिडले, ओरडले, गुप्तेबाईंचं नाव घेतलं. ती ऐकेना. "गोळी सोरली तं लोका बोलतील, मनी खोटी होती म्हनून भ्यायली. मंग त्या बाईचं खुंटपन जातील." पंचांपैकी दोघे बुवांचे भक्त होते. फोड म्हणजे साक्ष खोटी आणि साक्ष खोटी म्हणजे खुंट दामाजीचे, इतका सरळ हिशेब गावात सुरू झाला होता. दारावरून जाणाऱ्या बायका तिच्याकडे न बघता जात होत्या.

सातव्या दिवशी मी पुन्हा गेले. ती बोलूच शकत नव्हती. ओठ फाटलेले, जीभ सोललेली, अंगात ताप. हातावर लाल टिपके, मुंगी चावल्यासारखे. ते टिपके मी ओळखले, रक्त गोठेनासं झालं की कातडीखाली असे टिपके उठतात. मी तिला न विचारता रक्त काढलं आणि लॅबकडे पळत सुटले.

आमच्याकडे यंत्र नव्हतं. रक्ताचा थेंब चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी मोजायची. पांढऱ्या पेशी निदान चार हजार हव्यात. मनुबाईच्या भरल्या अकराशे. मी म्हटलं, घाईत चुकले. काच धुतली, पुन्हा मोजलं. साडेदहाशे. रक्त गोठवणाऱ्या पेशी दीड लाख हव्यात, त्या बावीस हजार. हिमोग्लोबिन सहा. मी उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले आणि तिसऱ्यांदा मोजलं. आकडा काही माझ्यावर दया करेना.

गुप्तेबाईंनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "हाडातला मगज बंद पडलाय हिचा. रक्त तयारच होत नाहीये. शीला, ही काय घेतेय?"

"प्रसाद."

"कसला?"

मी सांगितलं. सुंठ, गूळ, हळद, भस्म. त्यांनी नाक मुरडलं. "सुंठीने मगज बंद पडत नाही. आणखी कुणाला आलेत असे फोड?"

आले होते. खालच्या आळीतल्या विमलाबाईंना आले होते, त्या रडत रडत कुठलंसं जुनं पाप कबूल करून आल्या होत्या. आणि रेतीच्या होडीवरच्या म्हाताऱ्या धोंडिबाला आले होते. तो तर मागच्या आठवड्यात तापाने गेला. गावाने म्हटलं, कबूल झाला नाही म्हणून गेला.

तिघं. तीनशे माणसांत फक्त तिघं. मला बसवेना. मी लॅबची जुनी रजिस्टरं काढली आणि पानं उलटत सुटले. विमलाबाईंचं पान सापडलं. धोंडिबाचं सापडलं. मनुबाईचं तर मला पाठच होतं. तिघांच्याही नावापुढे क्रिएटिनीनच्या रकान्यात लाल शाईने खूण होती. तिघांचीही मूत्रपिंडं निकामी होत आलेली.

"बाई," मी म्हटलं, "हा कसला देव? हा शाप द्यायच्या आधी क्रिएटिनीन बघतो!"

गुप्तेबाई हसल्या नाहीत. त्या स्वतःशीच बोलत होत्या. "सांधे सुधारतात. आठवड्यातून एकदाच. तोंड येतं. मूत्रपिंड अधू असेल तर मगज बसतो..." मग एकदम म्हणाल्या, "मला ती गोळी आण. आत्ता."

मनुबाईच्या अंगणात जवळा वाळत होता. कोळणीच्या घरात ओली वस्तू दिसली की ती उन्हात जाते, मग ती काहीही असो. प्रायश्चित्ताच्या गोळ्यांचा गूळ पाघळायला लागला होता म्हणून मनुबाईने उरलेल्या गोळ्या त्याच गोणपाटावर, जवळ्याच्या कडेला वाळत टाकल्या होत्या. सगळं गाव प्रसाद तिथल्या तिथे गिळायचं. उन्हात वाळवायची अक्कल फक्त हिलाच. दोन दिवसांच्या उन्हाने गोळ्या तडकल्या होत्या, आणि एका तड्यातून काहीतरी पिवळं बाहेर डोकावत होतं.

मी नखाने टोकरलं. नीट न कुटलेल्या गोळीचा तुकडा बाहेर आला. अर्धा, गुळगुळीत, मधोमध यंत्राने पाडलेली रेघ. देवाच्या घरी गोळ्या पाडायचं यंत्र असतं हे मला त्या दिवशी कळलं!

गुप्तेबाईंनी तुकडा भिंगाखाली धरला. "नुसत्या नजरेने शपथेवर सांगता येणार नाही, तपासायला पाठवू. पण मला शंका उरलेली नाही. मेथोट्रेक्सेट. कर्करोगात मोठ्या मात्रेत देतात. थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा दिलं तर आखडलेले सांधे सुटतात. उत्तम औषध आहे गं, रक्त तपासत द्यायचं औषध. आणि बाहेर पडतं बहुतेक सगळं लघवीवाटे. हिची मूत्रपिंडं ते बाहेर टाकतच नाहीत. त्यात रोज एक! हा माणूस पूर्वी कुठेतरी औषधाच्या दुकानात होता, लिहून ठेव. फोड येतात हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून आधीच पाप सांगून ठेवलं."

मला राग आवरेना. औषधाच्या दुष्परिणामाला ह्या माणसाने न्यायाधीश करून बसवलं होतं!

मनुबाईला त्याच क्षणी इस्पितळात न्यायला हवं होतं. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, समजलंही, आणि मान हलवली. पाटी मागवून खडूने वाकडंतिकडं लिहिलं: "आधी लोकांना सांग." ती हलणार नव्हती. तिची साक्ष पडली तर तिला जगायचं नव्हतं. नशीब, दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. निदान राहिलेल्या गोळ्या मी उचलून आणल्या. त्या रात्रीत मी किती वेळा उठून बसले ते विचारू नका.

गुरुवारी सकाळी शेड भरली होती. मनुबाईला खाटेवर घालून आणलं, गुप्तेबाई बाहेर रुग्णवाहिका थांबवून दाराशी उभ्या. मी पुढे झाले आणि पहिल्याच वाक्यात घोळ केला. "या तिघांचं क्रिएटिनीन..."

"किरटीन म्हंजे काय गो?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. बुवांनी डोळा उघडून मिटला.

मी दम घेतला. "ठीक. तुमच्या घरात मोरी असते ना? सांडलेलं पाणी मोरीतून जातं. तुंबली तर? पाणी घरात साठतं. मूत्रपिंड म्हणजे अंगाची मोरी. औषध पोटात गेलं, काम केलं, की ते या मोरीतून निघून जायला हवं. मनुमावशीची मोरी तुंबलीय. धोंडिबाची तुंबली होती. विमलाबाईंची तुंबलीय. आमच्या वहीत तारखेसकट आहे. म्हणून विष साठलं, म्हणून फोड आले. खोटं बोलण्याने नाही."

"औषध कसला? परसाद हाय तो!" दामाजी गरजला. "मीपन घेतंय खांद्याला. मना का नाय फोड आयलं? मी खरा बोलतंय म्हनून!"

लॅबमधली गोष्ट बाहेर सांगू नये. पण माझा तोल गेला होता. "दामाजीकाका, परवा रक्त द्यायला आलात तेव्हा दारूला शिवत नाही म्हणून सांगितलंत. लिहून घेतलंय मी. मग तुमचे फोड कुठे आहेत?"

शेड हसून हसून लोळली. दामाजीची दारू खाडीतल्या निवट्या माशांनासुद्धा माहीत होती. ते हसू ओसरायच्या आत मी तो पिवळा तुकडा वर धरला. तो हातोहात फिरला. बायका त्यावरच्या रेघेवरून नख फिरवून बघत होत्या.

"पापिणीने मिसळलं असेल," बुवा शांतपणे म्हणाले. "सत्याला तडा जात नाही, बाळ."

"बरोबर," मी म्हटलं. "आणि बुवा, तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत ना?"

"कधीच नाही."

"मग तुम्हाला फोड यायचं कारणच नाही. तुमच्या ताटातल्या गोळ्या आहेत. आज एक खा, उद्या एक, नऊ दिवस. मनुमावशीला दिल्यात तशा. आम्ही सगळे रोज येऊन तुमचं तोंड बघू."

बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हात ताटापासून मागे गेला. "माझा गुरुवारचा उपास आहे."

"उपासाला गूळ चालतो!" एक म्हातारी म्हणाली.

"मला सांधेदुखी नाही."

"मनुमावशीलाही पाप नव्हतं," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही आता. मालू उठली. ती बुवांचा जिवंत चमत्कार, तिच्याकडे बघून निम्मी माणसं आली होती. तिने ताट उचललं. सरळ झालेल्या दहा बोटांनी ते नीट धरलं आणि बुवांच्या तोंडासमोर नेलं.

"खावा ना, बुवा. एक खावा. माझ्यासाठी."

बुवांनी ताट हाताने लोटलं. गोळ्या मातीत सांडल्या. ते उठले, समाधीची वेळ झाली म्हणाले, मागच्या दाराने गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. दोन दिवसांनी सरकारी निरीक्षक आले तेव्हा भस्माच्या डब्याच्या तळाशी पिवळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या, निम्म्या रिकाम्या.

मालू मातीतल्या गोळ्यांकडे बघत राहिली होती. "ताई, म्हंजे माझी बोटा परत वाकरी होतील?" तिचा आवाज ऐकून मला माझ्या विजयाची लाज वाटली. उत्तर गुप्तेबाईंनी दिलं. "नाही होऊ देणार. हेच औषध मी तुला देईन, योग्य मात्रेत, नाव लिहून. पण महिन्याला रक्त तपासायचं, आणि तोंडात एक फोड आला तरी त्याच दिवशी यायचं. पाप विचारणार नाही, गोळी बंद करीन."

मनुबाईला ठाण्याला नेलं. औषधावरचा उतारा मुंबईहून आणवला, रक्त चढवलं. मी रोज कामावरून सुटून जायचे, थेंब आणायचे, मोजायचे. नऊशे. नऊशेपन्नास. तीन दिवस आकडा हलेना. मग चौदाशे. मग बावीसशे. बाराव्या दिवशी चार हजार शंभर भरले तेव्हा मी एकटीच लॅबमध्ये मोठ्याने रडले. मूत्रपिंडं काही सुधारली नाहीत, ती सुधारणारही नव्हती. पण मनुबाई वाचली. विमलाबाईंच्या गोळ्या वेळेत थांबल्या, त्याही वाचल्या.

धोंडिबा वाचला नाही, हे विसरू नका. तो कुठल्याच पापाने गेला नाही. त्याला कुणी विचारलं असतं की बाबा, तुझ्या पायाला सूज का आहे, लघवी नीट होते का, तर तो तेव्हा रेतीच्या होडीवर परतला असता.

शेवटच्या आठवड्यात दामाजी इस्पितळात आला. हातात शहाळं. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "झायला बरा तोंड?"

"झायला," मनुबाई म्हणाली. तेरा दिवसांनी तिचं पहिलं स्पष्ट बोलणं. "ऐक आता त्या तोंडाचा. ते खुंट तुजं नाय."

दामाजीने शहाळं खाली ठेवलं. "मना ठावं हाय," तो म्हणाला, आणि पंचांसमोर तेच म्हणायला तयार झाला. खुंट आजही त्या विधवेच्या घराकडे आहेत.

देव माना, न माना, तो तुमचा प्रश्न. पण पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीचं नाव विचारा. देणारा नाव सांगत नसेल तर घेऊ नका. बरं वाटलं तर का वाटलं ते विचारा, बाधलं तर का बाधलं तेही विचारा. आणि माणूस खरं बोलतो की खोटं, हे ठरवायला त्याचं बोलणं ऐका. त्याच्या तोंडातले फोड डॉक्टरला दाखवा.